विमानात टॅबलेट: परवानगी कोणाला लागते, कोणाला नाही

अमेरिकेत विमान उडवायला शिकणाऱ्या मराठी मुलांचा एक ठरलेला प्रश्न असतो. आयपॅडवर नकाशे घेऊन उडायचं असेल तर अर्ज कुठे करायचा? बे एरियात किंवा न्यू जर्सीत नोकरी सांभाळून सुटीच्या दिवशी भाड्याच्या सेसना १७२ मधून फिरणारे हौशी वैमानिकही हेच विचारतात. साध्या रहिवासी दाखल्यासाठी चार कागद जोडायची सवय असलेल्या माणसाला कॉकपिटमध्ये टॅबलेट न्यायला अर्जच नाही हे पटत नाही. पण खासगी उड्डाणासाठी असा अर्ज खरोखरच नाही. एफएए, म्हणजे अमेरिकेचं विमान वाहतूक प्रशासन, परवानगी मागायला लावतं ते पैसे घेऊन प्रवासी किंवा माल नेणाऱ्यांना. बाकीच्यांवर त्याने जबाबदारी टाकली आहे, आणि ती कागदापेक्षा जड आहे.

आधी आपलं उड्डाण कुठल्या पार्टमध्ये बसतं ते पाहा

एफएएचे नियम पार्टमध्ये विभागलेले आहेत आणि टॅबलेटच्या प्रश्नाचं उत्तर त्यावरूनच निघतं. विमान कुठलं किंवा वैमानिकाकडे कुठला परवाना, यावरून नाही. स्वतःसाठी, घरच्यांना घेऊन किंवा प्रशिक्षणासाठी केलेलं उड्डाण पार्ट ९१ खाली येतं. शाळा पार्ट १४१ ची मान्यताप्राप्त असली तरी तिची रोजची उड्डाणं चालतात पार्ट ९१ च्याच नियमांनी. भाडं घेऊन मागणीनुसार केलेली चार्टर सेवा पार्ट १३५ मध्ये जाते. एखादी कंपनी चालवत असलेल्या हिश्श्याच्या मालकीच्या योजनेतलं (फ्रॅक्शनल ओनरशिप) विमान असेल तर पार्ट ९१ चाच ‘के’ हा उपभाग लागू होतो.

त्यामुळे असं होऊ शकतं की एकच वैमानिक, एकच विमान, एकच आयपॅड. सकाळी तो स्वतःच्या कामासाठी उडाला तेव्हा कोणाला विचारायची गरज नव्हती, आणि दुपारी चार्टर कंपनीसाठी पैसे भरलेला प्रवासी बसवला की तोच टॅबलेट कंपनीला मिळालेल्या मंजुरीखाली यायला हवा. पार्ट १३५ चा परवाना एकाच वैमानिकाच्या नावावर असला तरी सूट नाही.

पार्ट ९१: अर्ज नाही, अटी चार

टॅबलेटला एफएएच्या कागदपत्रांत ‘इलेक्ट्रॉनिक फ्लाइट बॅग’ किंवा नुसतं ईएफबी म्हणतात. वैमानिक नकाशांनी भरलेली जी जड बॅग घेऊन फिरायचे, तिची ही जागा. खासगी उड्डाणासाठीचं मार्गदर्शन अॅडव्हायझरी सर्क्युलर ९१-७८ मध्ये आहे. ते पहिल्यांदा २००७ मध्ये निघालं, म्हणजे आयपॅड बाजारात येण्याच्या तीन वर्षं आधी. २०२४ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती ९१-७८ए आली. त्याचा गाभा चार अटींचा आहे. नियमाने विमानात असायलाच हवं असं कुठलंही उपकरण टॅबलेटने बदलायचं नाही. टॅबलेटवर जे दिसतं ते कागदावरच्या माहितीच्या तोडीचं हवं. दिशादर्शनासाठी किंवा विमानाच्या कामगिरीचं गणित करण्यासाठी वापरलेली माहिती चालू आवृत्तीची हवी. आणि नियम ९१.२१ पाळला गेला पाहिजे.

पहिल्या अटीत बहुतेकांची गल्लत होते. टॅबलेट नकाशाची जागा घेऊ शकतो, उपकरणाची नाही. ढगांतून, उपकरणांच्या भरवशावर उडताना जीपीएसने मार्ग धरायचा असेल तर ते जीपीएस विमानात बसवलेलं आणि टीएसओ-सी१२९ किंवा सी१४५, सी१४६ अशा मानकांना उतरलेलं लागतं. आयपॅडच्या पडद्यावर आपलं विमान नकाशावर सरकताना कितीही अचूक दिसलं तरी त्या चित्राच्या आधारावर धावपट्टीकडे ढगांतून खाली उतरायला परवानगी नाही. ते चित्र आपण कुठे आहोत याचं भान ठेवायला आहे, तेवढंच.

नियम ९१.२१ सगळीकडे उद्धृत होतो, पण नीट वाचणारे थोडे. पोर्टेबल इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर त्यात जी बंदी आहे ती पैसे घेऊन प्रवासी किंवा माल नेणाऱ्या कंपन्यांच्या विमानांना आणि आयएफआर, म्हणजे उपकरणांच्या भरवशावर उडण्याच्या नियमांखालच्या, उड्डाणांना लागू होते. म्हणजे स्वच्छ हवामानात, डोळ्यांनी पाहत केलेल्या खासगी उड्डाणात ती आडवी येतच नाही. आयएफआर उड्डाणात मात्र ही वस्तू विमानाच्या दिशादर्शन आणि संपर्क यंत्रणेत ढवळाढवळ करत नाही असं कोणीतरी ठरवावं लागतं, आणि छोट्या खासगी विमानात तो ‘कोणीतरी’ म्हणजे पायलट-इन-कमांड, अर्थात तुम्हीच. इन्स्पेक्टर येत नाही, शिक्का बसत नाही.

मग ठरवायचं कसं? दिवसाउजेडी, हवा स्वच्छ असताना, जमिनीवर इंजिन आणि सगळे रेडिओ चालू करावेत. टॅबलेट, त्याचं ब्लूटूथ, वाय-फाय, बाहेरचा जीपीएस रिसीव्हर, जे जे हवेत वापरणार ते सगळं चालू करून एकेक फ्रिक्वेन्सी ऐकावी, व्हीओआरची, म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ केंद्रावरून दिशा दाखवणाऱ्या उपकरणाची, सुई हलते का ते बघावं. होकायंत्राकडे आवर्जून लक्ष द्यावं. टॅबलेटच्या कव्हरमध्ये आणि काही स्टँडमध्ये चुंबक असतात, आणि ते डॅशबोर्डजवळ गेले की होकायंत्र खोटं बोलू लागतं. मग हीच चाचणी एकदा हवेत करावी. ती लिहून ठेवा असं नियम म्हणत नाही. तरी तारीख, विमानाचा नंबर आणि टॅबलेटचं मॉडेल एका ओळीत वहीत टिपावं असं माझं मत आहे, कारण उद्या कोणी विचारलं तर ‘मी ठरवलं होतं’ याला दुसरा पुरावा नसतो.

एक नियम एफएएचा नाही म्हणून विसरला जातो. सेल्युलर फोन विमान हवेत असताना बंद असावा, असं तिथला दूरसंचार आयोग, एफसीसी, सांगतो. टॅबलेटमध्ये सिम असेल तर तो एअरप्लेन मोडवर टाकावा. जीपीएस त्या मोडमध्येही चालतं. विकत घेतानाच लक्षात ठेवण्याची गोष्ट म्हणजे फक्त वाय-फाय असलेल्या आयपॅडमध्ये जीपीएसची चिप नसते. सिमवाला घ्यावा, सिम नाही घातलं तरी चालेल. नाहीतर बाहेरचा रिसीव्हर जोडावा लागतो.

नकाशा जुना असला तर?

पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानात नकाशे बाळगलेच पाहिजेत असं पार्ट ९१ कुठे म्हणत नाही. ती सक्ती नियम ९१.५०३ मध्ये आहे आणि तो मोठ्या विमानांसाठी व एकाहून अधिक टर्बाइन इंजिनं असलेल्यांसाठी आहे. यावर काही जण खूश होतात. पण नियम ९१.१०३ सांगतो की उड्डाणाआधी त्या उड्डाणाविषयीची सगळी उपलब्ध माहिती वैमानिकाने करून घेतली पाहिजे. जुन्या नकाशामुळे बंदी असलेल्या हवाई हद्दीत शिरलात, तर चौकशीत हाच नियम समोर ठेवला जाईल. व्हीएफआर, म्हणजे डोळ्यांनी पाहत उडण्यासाठीचे, नकाशे दर ५६ दिवसांनी नवे येतात, उपकरणांच्या पद्धतींची डिजिटल माहिती दर २८ दिवसांनी. एफएएच्या संकेतस्थळावरून हे नकाशे फुकट उतरवता येतात. फोरफ्लाइट किंवा गार्मिन पायलटसारख्या अॅपची वर्गणी भरायची ती सोयीसाठी. आदल्या रात्री घरच्या वाय-फायवर नकाशे उतरवून टॅबलेट एअरप्लेन मोडवर टाकावा आणि सगळे उघडतात का ते पाहावं.

पडद्यावरच्या हवामानाचंही असंच आहे. एडीएस-बी रिसीव्हर (जमिनीवरच्या केंद्रांकडून रेडिओवर येणारी माहिती पकडणारं यंत्र) जोडला की पावसाचं रडार चित्र फुकट दिसतं आणि त्याच्या कोपऱ्यात ‘दोन मिनिटांपूर्वीचं’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते वय चित्र तयार झाल्यापासूनचं असतं, रडारने पाऊस पाहिल्यापासूनचं नव्हे. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने, एनटीएसबीने, जून २०१२ मध्ये इशारा दिला होता की प्रत्यक्ष परिस्थिती दाखवलेल्या वेळेपेक्षा १५ ते २० मिनिटं जुनी असू शकते. वादळाच्या दोन ढगांमधली फट त्या चित्रावर शोधून त्यातून जाऊ पाहणं जिवाशी खेळ आहे.

स्टँड, वायर आणि ऊन

गुडघ्यावर पट्ट्याने बांधलेला टॅबलेट किंवा काचेला चिकटवलेला काढता-घालता येणारा स्टँड यांना वेगळी मंजुरी लागत नाही. स्टँड विमानाला स्क्रूने कायमचा बसवला किंवा चार्जिंगसाठी नवी वायर ओढली, तर तो विमानातला बदल ठरतो आणि मेकॅनिककडे जावं लागतं. मोठा बदल असेल तर फॉर्म ३३७ किंवा पूरक प्रमाणपत्राची भानगड येते. भाड्याच्या विमानात तर मालकाला विचारल्याशिवाय काहीच बसवू नये. योकवर, म्हणजे विमान वळवायच्या दांड्यावर, टॅबलेट लावला असेल तर योक पूर्ण मागे ओढून आणि दोन्ही बाजूंना वळवून पाहावा, कुठे अडत नाही ना.

आयपॅड ० ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये वापरावा असं अॅपल सांगतं. अॅरिझोनात, जिथे कितीतरी भारतीय मुलं शिकतात, उन्हाळ्यात बंद कॉकपिटमध्ये हा आकडा इंजिन सुरू व्हायच्या आधीच ओलांडला जातो आणि पडद्यावर थर्मामीटरचं चित्र येऊन सगळं ठप्प होतं. म्हणून दुसरा पर्याय हवा: फोनवर तेच अॅप, किंवा निदान त्या भागाचा एक कागदी नकाशा. मी कागदी नकाशा निवडेन. फोनही त्याच उन्हात असतो.

पात्रता आणि सोबतचे कागद

टॅबलेट वापरण्यासाठी वेगळा परवाना, रेटिंग किंवा वयाची अट नाही. स्टुडंट पायलटही वापरू शकतो. पण टॅबलेटमुळे इतर कागद सुटत नाहीत. पायलट सर्टिफिकेट, मेडिकल आणि सरकारी फोटो ओळखपत्र जवळ लागतं. विमान उडण्यायोग्य असल्याचं एअरवर्दिनेस सर्टिफिकेट दर्शनी भागात लावलेलं असावं लागतं, त्याचा पीडीएफ चालत नाही. एकट्याने लांबच्या क्रॉस-कंट्रीवर निघालेल्या स्टुडंट पायलटने लॉगबुक बरोबर ठेवायचं असतं, कारण इन्स्ट्रक्टरच्या सह्या त्यात असतात.

प्रायव्हेट पायलटच्या प्रात्यक्षिक परीक्षेला टॅबलेट नेता येतो. मात्र परीक्षेच्या मानकांत जमिनीवरच्या खुणा बघून आणि वेळ-वेग-दिशेच्या हिशोबाने मार्ग काढणं हे स्वतंत्र काम आहे. त्यामुळे परीक्षक टॅबलेट बाजूला ठेवायला सांगेल असं धरूनच तयारी करावी. लेखी परीक्षेच्या खोलीत तर तो नेताच येत नाही.

पार्ट १३५: इथे खरा अर्ज

चार्टर कंपनीला कागदी नकाशांऐवजी टॅबलेट वापरायचा असेल तर ऑपरेशन्स स्पेसिफिकेशनमधला, म्हणजे एफएएने कंपनीला दिलेल्या परवानग्यांच्या कागदातला, ए०६१ हा परिच्छेद मिळवावा लागतो. हिश्श्याच्या मालकीवाल्यांना त्याच क्रमांकाचा मॅनेजमेंट स्पेसिफिकेशनमधला परिच्छेद. मार्गदर्शन अॅडव्हायझरी सर्क्युलर १२०-७६डी मध्ये आहे, २०१७ चं. त्यात अॅपचे दोन प्रकार केले आहेत. टाइप ए म्हणजे बंद पडलं तरी सुरक्षिततेवर परिणाम न करणारं. त्याला मंजुरी नको. टाइप बी म्हणजे विमानात असायलाच हव्या अशा कागदाची जागा घेणारं, उदाहरणार्थ नकाशे किंवा वजन आणि समतोलाचं गणित. मंजुरी लागते ती याला.

अर्ज जातो कंपनीच्या मुख्य ऑपरेशन्स इन्स्पेक्टरकडे, आणि पाच टप्प्यांत सरकतो: आधी बोलणी, मग औपचारिक अर्ज, कागदांची छाननी, प्रत्यक्ष वापराची चाचणी आणि शेवटी ए०६१. बोलण्यांचा टप्पा उरकून टाकू नये. इन्स्पेक्टरला काय हवं ते तिथेच कळतं, नाहीतर कागदी घोडे नाचत राहतात.

अर्जासोबत कंपनीचा ईएफबी कार्यक्रम लिहून द्यावा लागतो: कुठला टॅबलेट, कुठली अॅप, माहिती अद्ययावत कोण करणार आणि ती झाली हे कोण तपासणार, टॅबलेट हवेत बंद पडला तर वैमानिक काय करेल, प्रशिक्षण कसं असेल. त्याला जोडून विमानाच्या यंत्रणेत अडथळा येत नसल्याच्या चाचणीचा पुरावा, लिथियम बॅटरीची माहिती, स्टँडचा तपशील आणि विमान दाबयुक्त (केबिनमध्ये हवेचा दाब राखणारं) असेल तर अचानक दाब गेल्यावरही टॅबलेट चालतो याचा पुरावा. मी पाहिलेल्या मसुद्यांत सगळ्यात कच्चा भाग बहुधा ‘अद्ययावत कोण करणार’ हाच असतो. ‘वैमानिक करतील’ एवढं लिहून भागत नाही. नेमकी जबाबदारी, पद्धत आणि नोंद लागते. मंजुरी मिळाली की ती त्या लिहिलेल्या कार्यक्रमापुरती असते. पुढे टॅबलेटचं मॉडेल किंवा अॅप बदललं तर आधी कार्यक्रमाचा कागद बदलायचा, मग वापर.

परत येताना

यातलं काहीही भारतात आपोआप लागू होत नाही. इथे डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, नियम चालतात, आणि बारामती किंवा गोंदियाला शिकणाऱ्याने शाळेच्या प्रशिक्षण व कार्यपद्धती पुस्तिकेत टॅबलेटबद्दल काय लिहिलंय ते चीफ फ्लाइट इन्स्ट्रक्टरला विचारावं. भारतीय हवाई माहितीसाठी विमानतळ प्राधिकरणाचं ई-एआयपी इंटरनेटवर खुलं आहे. परदेशी अॅपमध्ये दिसणाऱ्या भारताच्या नकाशावर विसंबण्याआधी त्याच्याशी ताडून पाहावं.

अमेरिकेत छोट्या विमानातून फिरणारे बरेच जण टॅबलेटला जोडून गार्मिनचं इनरीच हे उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र ठेवतात. ते बॅगेत टाकून भारतात येऊ नका. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असं यंत्र जवळ बाळगणं इथे गुन्हा आहे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी धावपटूला त्याच यंत्रापायी ताब्यात घेतलं होतं. टॅबलेटला ही अडचण नाही.