निजणं आणि निजवणं : वॉर्डात अडणारी इंग्रजी क्रियापदं

मिरज हे मिशन हॉस्पिटल काढणाऱ्या वान्लेस डॉक्टरांच्या काळापासून दवाखान्यांचं गाव. आमच्या संध्याकाळच्या इंग्रजी वर्गाला येणारे बहुतेक जण ड्युटी संपवून थेट वॉर्डातूनच येतात. हे माहितीपत्रक खास त्या सिस्टर आणि ब्रदर मंडळींसाठी आहे, त्यातही जे परदेशी नोकरीसाठी ओईटीची, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी असलेल्या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करताहेत त्यांच्यासाठी.

इंग्रजी तुम्हाला येतं. केसपेपर तुम्ही इंग्रजीत लिहिता, डॉक्टरांच्या ऑर्डरी इंग्रजीत वाचता. अडतं ते तोंडाने बोलायची वेळ आली की, आणि बहुतेकदा क्रियापदापाशीच अडतं. गल्लत होणाऱ्या क्रियापदांच्या जोड्यांच्या लांबलचक याद्या बाजारात मिळतात, पण आम्ही त्या पाठ करायला देत नाही. यादी परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत टिकते आणि पेशंटसमोर उभं राहिलं की पळून जाते. त्यापेक्षा तुमच्या मराठीत जो भेद तुम्ही कधीही चुकत नाही, त्याला इंग्रजी शब्द बांधून टाका.

सगळ्यात जास्त छळणारी जोडी म्हणजे ‘लाय’ आणि ‘ले’. सरावात एक सिस्टर ड्युटी हँडओव्हर करताना म्हणाल्या, ‘द पेशंट इज लेइंग ऑन हिज लेफ्ट साइड.’ आम्ही विचारलं, हेच मराठीत कसं सांगाल? ‘पेशंट डाव्या कुशीवर निजलाय.’ निजलाय की निजवलंय? ‘निजलाय.’ मग ते ‘लाइंग’. बाळाला पाळण्यात निजवताना, पायाखाली उशी ठेवताना मात्र ‘ले’. पेशंटला आडवं व्हायला सांगायचं तर ‘प्लीज लाय डाउन’.

मराठीत पडणं-पाडणं, जळणं-जाळणं, गळणं-गाळणं अशा जोड्या आहेत. आतला एक स्वर बदलला की आपोआप होणारी गोष्ट कुणीतरी केलेली होते. इंग्रजीतही स्वर बदलणाऱ्या अशाच जोड्या जुन्या काळापासून आहेत आणि त्यातल्या चार-पाच आजही वापरात आहेत. लाय आणि ले म्हणजे निजणं आणि निजवणं. सिट आणि सेट म्हणजे बसणं आणि बसवणं. राइज आणि रेझ म्हणजे वर चढणं आणि वर चढवणं. फॉल आणि फेल (fell) म्हणजे तर थेट पडणं आणि पाडणं. झाड पाडण्याला इंग्रजीत अजूनही ‘फेल’ म्हणतात. हे एकदा दिसलं की ही चार-पाच क्रियापदं परकी वाटत नाहीत.

तरीही भूतकाळात पाय घसरतोच. निजणं या अर्थाच्या ‘लाय’चा भूतकाळ ‘ले’ होतो आणि पुढचं रूप ‘लेन’. ठेवणं या अर्थाच्या ‘ले’ची पुढची दोन्ही रूपं ‘लेड’. म्हणजे ‘ले’ हा एकच उच्चार एकीकडे कालचं निजणं दाखवतो आणि दुसरीकडे आजचं ठेवणं. ‘फेल’चंही तसंच आहे, तो ‘फॉल’चा भूतकाळही आहे. शिवाय खोटं बोलणं या अर्थाचा तिसरा ‘लाय’ आहे, त्याचा भूतकाळ ‘लाइड’. त्यामुळे ‘द पेशंट लाइड’ म्हटलंत तर ऐकणाऱ्याला पेशंट खोटं बोलला असं वाटेल. इथे चुकलात तर मनाला लावून घेऊ नका. जन्मापासून इंग्रजी बोलणारेही ‘लाइंग’च्या जागी सर्रास ‘लेइंग’ म्हणतात. बोलण्यात ते खपून जातं. पण ओईटीच्या लेखी भागात ४५ मिनिटांत १८० ते २०० शब्दांचं पत्र लिहायचं असतं आणि तिथे भाषेच्या अचूकपणाला गुण असतात, म्हणून निदान लिहिताना तरी रूप बरोबर यायला हवं.

यावर आम्ही एक कसोटी देतो, ‘ने’ची. वाक्य मराठीत, भूतकाळात आणि तिसऱ्या माणसाबद्दल करा. ‘पेशंट निजला’, ‘ताप चढला’, ‘तो उठून बसला’ यांत कर्त्याला ‘ने’ लागत नाही, तेव्हा लाय, राइज, सिट. ‘सिस्टरने बाळाला निजवलं’, ‘ब्रदरने बेडची डोक्याकडची बाजू वर केली’, ‘तिने अलार्म लावला’ यांत ‘ने’ आला, तेव्हा ले, रेझ, सेट. म्हणून ‘हिज टेंपरेचर रोझ अॅट नाइट’, पण ‘आय रेझ्ड द हेड ऑफ द बेड’. पुस्तकात तुम्हाला ‘रेझ्ड टेंपरेचर’ असंही दिसेल. ते चूक नाही, तिथे तो शब्द विशेषण म्हणून आलाय. शिकला, विसरला, म्हणाला, बोलला अशा काही क्रियापदांना ही कसोटी लागू पडत नाही, पण वरच्या जोड्यांना ती नेमकी बसते.

‘रिमेंबर’ आणि ‘रिमाइंड’ची गाठही अशीच सुटते. मला आठवतं, तेव्हा रिमेंबर. दुसऱ्याला आठवण करून द्यायची, तेव्हा रिमाइंड. ‘गोळीची आठवण कर’ म्हणताना ‘रिमेंबर मी’ तोंडात येतं, तिथे ‘रिमाइंड मी’ हवं.

आता उलट बाजू. काही ठिकाणी मराठीचं काम एका शब्दात भागतं आणि इंग्रजीला दोन लागतात. ‘उसनं’ हा शब्द तसा. देणं की घेणं हे आपण पुढच्या क्रियापदाने सांगतो, इंग्रजीत मात्र शब्दच बदलतो : देणारा लेंड करतो, घेणारा बॉरो करतो. ‘कॅन यू बॉरो मी युअर पेन?’ हे आम्ही दर बॅचमध्ये ऐकतो. पेन मागायचं तर ‘कॅन यू लेंड मी’ म्हणा, नाहीतर स्वतःकडून सुरुवात करून ‘कॅन आय बॉरो’ म्हणा.

सांगणं आणि म्हणणं यांचा भेद मराठीत आहे, तोच ‘टेल’ आणि ‘से’ला लावा. कुणाला सांगितलं ते टेलच्या मागोमाग लगेच येतं, मध्ये ‘टू’ नको : ‘शी टोल्ड मी’. आपल्या ‘मला’मुळे हा ‘टू’ मध्ये घुसतो. ‘से’ला मात्र तो लागतो : ‘शी सेड टू मी’.

दिसणं आणि ऐकू येणं यांत ‘मला’ असतं, मी काही करत नसतो. म्हणून सी आणि हिअर. मुद्दाम बघणं म्हणजे लुक, लक्ष ठेवून राहणं म्हणजे वॉच, कान देऊन ऐकणं म्हणजे लिसन. ‘नीट दिसत नाहीये’चं ‘आय अॅम नॉट सीइंग’ करू नका, ‘आय कान्ट सी प्रॉपरली’ म्हणा.

दुखण्याबद्दल विचारताना आपल्याकडे ‘इज इट पेनिंग?’ सगळेच म्हणतात आणि इथे ते कळतंही. ब्रिटन, आयर्लंड किंवा ऑस्ट्रेलियाच्या वॉर्डात मात्र ‘डझ इट हर्ट?’ किंवा ‘आर यू इन पेन?’ विचारा. हा प्रश्न तुम्ही पाळीत पन्नासदा विचारणार आहात, म्हणून तो आजपासूनच बदला.

‘येतो हं’ हेही जपून. निघताना ‘जाते’ म्हणणं आपल्याला बरं वाटत नाही, म्हणून खाटेपासून वळतानाही आपण ‘येते’ म्हणतो. त्याचंच ‘आय अॅम कमिंग’ केलंत तर समोरच्या आजींना काही कळणार नाही, कारण तुम्ही तर त्यांच्याजवळच उभ्या आहात. तिथे ‘आय विल बी बॅक इन टेन मिनिट्स’ म्हणा आणि दहा मिनिटांनी खरंच जा. ‘आय अॅम कमिंग’ ठेवा ते बेल वाजल्यावर, लांबून, ‘आलेच’च्या जागी.

ओईटीच्या बोलण्याच्या भागात सुमारे पाच-पाच मिनिटांचे दोन प्रसंग असतात, त्यात यातलं बरंचसं वापरावं लागतं. पुढच्या तासाला येताना ही वाक्यं इंग्रजीत करून आणा. आधी मोठ्याने मराठीत म्हणा, मग लिहा.

आजोबा रात्रभर उजव्या कुशीवर निजले होते.
मावशींनी त्यांच्या पायाखाली उशी ठेवली.
पहाटे ताप पुन्हा चढला.
शेजारच्या वॉर्डातून बीपीचं मशीन उसनं आणलंय.
त्यांच्या मुलीने मला सांगितलं की त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही.