गाडीचं ॲव्हरेज

एक लिटर इंधनात गाडी किती किलोमीटर पळते त्या आकड्याला आपल्याकडे ॲव्हरेज म्हणतात, काही जण मायलेज म्हणतात. सीएनजीला लिटरऐवजी किलोवर मोजतात. गाडी घेताना घरचे, शेजारचे सगळे पहिला प्रश्न विचारतात तो "किती देते?" हाच, आणि ते बरोबरच आहे. महिन्याला 1000 किमी गाडी चालत असेल आणि ॲव्हरेज 15 वरून 18 वर गेलं तर साधारण 11 लिटर पेट्रोल वाचतं, म्हणजे शंभरच्या भावाने धरलं तरी अकराशे रुपये.

कंपनीच्या जाहिरातीतला आकडा बहुधा एआरएआयचा, म्हणजे गाड्यांची तपासणी करणाऱ्या संस्थेचा असतो. ही संस्था पुण्यात, कोथरूडजवळच्या टेकडीवर आहे, आसपासचे लोक त्या टेकडीलाच एआरएआय टेकडी म्हणतात. टेस्ट रस्त्यावर होत नाही, लॅबमध्ये गाडी रोलरवर चढवून ठरलेल्या वेगाने चालवतात, एसी बंद असतो, स्पीड 90 च्या वर जात नाही, तिथे खड्डे नाहीत, सिग्नल नाही, मध्येच आडवी येणारी रिक्षा नाही. त्यामुळे तो आकडा दोन गाड्यांची तुलना करायला चांगला, पण आपल्याला तेवढंच मिळेल असं धरून बजेट करू नये.

आपलं खरं ॲव्हरेज काढायची पद्धत म्हणजे टाकी फुल टू टाकी फुल. पंपावर नोझल आपोआप कट होईपर्यंत भरायचं, तिथेच थांबायचं (राउंड फिगर करायला वरून अजून थोडं घालू द्यायचं नाही, हिशोब तिथेच चुकतो), ट्रिप मीटर शून्य करायचा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर परत कटपर्यंत भरायचं. समजा 438 किमी झाले आणि 26.3 लिटर बसलं, तर ॲव्हरेज 16.65. एका टाकीवरून काही ठरवू नका, तीन-चार टाक्यांचं लिहून ठेवा. डॅशबोर्डवरचा आकडा अनेकदा थोडा जास्तच दाखवतो म्हणून वहीतला आकडा धरावा.

ॲव्हरेजमधला सगळ्यात मोठा भाग उजव्या पायात असतो. पुढे सिग्नल लाल दिसतोय तरी रेस देत जायचं आणि शेवटी कचकन ब्रेक दाबायचा, यात जाळलेलं पेट्रोल ब्रेकच्या उष्णतेत जातं. लांबूनच पाय काढला, गाडी गिअरमध्येच ठेवून हळूहळू येऊ दिली तर बहुतेक वेळा पोचेपर्यंत सिग्नल हिरवा होतो आणि सेकंड गिअरवरच निघता येतं. वेगाचं गणित तर सरळ आहे, हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 80 वरून 100 वर गेलात की हवेचा रेटा दीडपटीहून जास्त होतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे सुमारे 95 किमीचा, त्यात घाटात लिमिट कमीच, म्हणजे या जास्तीच्या वेगाने वाचतात जेमतेम दहा-बारा मिनिटं.

घाट उतरताना गाडी न्यूट्रल करणं ही आपल्याकडची फार जुनी सवय आहे आणि ती सोडाच असं कळकळीने सांगावंसं वाटतं. कार्बोरेटरच्या काळात त्यात थोडंफार वाचत असेल, पण आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना पाय पूर्ण काढला की इंजेक्टर पेट्रोल बंदच करतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. म्हणजे वाचत काही नाही, उलट इंजिन ब्रेकिंग, म्हणजे इंजिनामुळे गाडीला मिळणारा अटकाव, जातं, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात, आणि आंबेनळीसारख्या घाटात ब्रेक लागेनासा झाला तर काय होईल ते सांगायला नको.

टायरमधली हवा हा सगळ्यात स्वस्त उपाय. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, टायरच्या कडेला छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नाही. चेक सकाळी, टायर थंड असताना करायचं, कारण चालवून गरम झालेला टायर जास्त दाखवतो. दोन आठवड्यांतून एकदा पुरे. डिकीतलं उगाच फिरणारं सामान आणि रिकामा कॅरिअर काढून टाका. एसीचं म्हणाल तर शहरात हळू चालताना काच खाली केलेली परवडते, हायवेला काच बंद करून एसी बरा.

पेट्रोलच्या पाइपला लावायचे मॅग्नेट, टाकीत टाकायच्या गोळ्या यात पैसे घालू नका. महाग जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलचंही तसंच, ऑक्टेन म्हणजे नॉकिंगला (इंजिनात इंधन अवेळी पेटून बसणाऱ्या ठोक्यांना) विरोध, त्यात ताकद जास्त नसते, मॅन्युअलमध्ये मागितलं नसेल तर साधंच भरा.

आता पंपावर मिळणारं पेट्रोल ई20 आहे, म्हणजे 20 टक्के इथेनॉल, त्यातलं काही आपल्याच उसाच्या पट्ट्यातल्या कारखान्यांतून येतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरतंच, आणि 2023 च्या आधीच्या गाड्यांना हा फरक जास्त जाणवू शकतो. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात जुन्या चारचाकींसाठी 6-7 टक्के घट धरली होती, म्हणजे 17 देणारी गाडी 16 वर येणं. एवढाच फरक दिसत असेल तर इंजिन खोलायची घाई करू नका, त्याहून जास्त उतरलं असेल तर मात्र एअर फिल्टर, चिकटलेला ब्रेक आणि अलाइनमेंट आधी बघून घ्या.