आतड्यातील जीवाणू, आहार आणि चयापचय : स्त्री-पुरुषांमधील फरक

पचनमार्गात, मुख्यतः मोठ्या आतड्यात, कायम वस्तीला असलेले जीवाणू आपल्या अन्नातील न पचलेल्या भागावर जगतात. त्यांच्या या उद्योगाचा रक्तातील साखर, मेद, वजन आणि इन्सुलिनच्या परिणामाशी निकटचा संबंध आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिशेबानुसार प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जीवाणू असतात आणि त्यांचे एकूण वजन सुमारे २०० ग्रॅम भरते. हा हिशेब ७० किलो वजनाचा तरुण पुरुष डोळ्यासमोर ठेवून केलेला होता. चयापचयाचे आरोग्य मोजताना मात्र स्त्री-पुरुषांना एकच माप लावत नाहीत. दक्षिण आशियाई पुरुषाच्या कंबरेचा घेर ९० सेंमी. आणि स्त्रीचा ८० सेंमी. झाला की धोक्याची पातळी मानतात. एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ समजले जाणारे, कोलेस्टेरॉल पुरुषात दर डेसिलिटर रक्तामागे ४० मिलिग्रॅमच्या खाली आणि स्त्रीत ५० च्या खाली गेले की कमी समजतात.

ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ खाल्ली, तर त्यातील बराचसा पिष्टमय भाग आणि प्रथिने लहान आतड्यातच पचून शोषली जातात. चोथा पचवणारी विकरे (एन्झाइम) माणसाजवळ नाहीत आणि काही चिवट पिष्टही लहान आतड्यात पचत नाही. हे सगळे तसेच मोठ्या आतड्यात उतरते. तिथे ऑक्सिजन जवळपास नसतो. त्या वातावरणात जीवाणू ते आंबवतात आणि असिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही लघुशृंखल मेदाम्ले तयार होतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींचे मुख्य इंधन आहे. प्रोपिओनेट यकृताकडे जाते. ही आम्ले आतड्यातील काही पेशींना जीएलपी-१ हे संप्रेरक स्रवायला लावतात. त्यामुळे भूक आवरते आणि इन्सुलिनला मदत होते. चोथा मिळाला नाही, तर काही जीवाणू आतड्याच्या आतील श्लेष्माचा थरच खाऊ लागतात. म्हणून ताटात काय वाढले आहे, याला फार महत्त्व आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू, म्हणजेच चोथा, असतात. पॉलिश केलेला तांदूळ आणि मैदा यांत जेमतेम ३ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू सुचवते. शिजवून गार केलेल्या भातात चिवट पिष्टाचे प्रमाण थोडे वाढते, हेही खरे.

जीवाणूंमुळे वजन बदलू शकते, याचा पहिला ठोस पुरावा उंदरांनी दिला. जीवाणूमुक्त वाढवलेल्या उंदरांच्या आतड्यात साध्या उंदरांचे जीवाणू सोडल्यावर ते आधीपेक्षा कमी खात असूनही दोन आठवड्यांत त्यांची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली (२००४). पुढे २०१३ मध्ये, एक लठ्ठ आणि एक सडपातळ अशा जुळ्या बहिणींच्या विष्ठेतील जीवाणू अशा उंदरांना दिले गेले. लठ्ठ बहिणीचे जीवाणू मिळालेल्यांची चरबी जास्त वाढली.

स्त्री-पुरुषांतील फरकाचा सर्वांत उलगडलेला धागा इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा आहे. काम झालेल्या इस्ट्रोजेनला यकृत ग्लुकुरॉनिक आम्लाची जोड देते आणि पित्तावाटे आतड्यात सोडते. एरवी ते शौचावाटे निघून जाईल. पण काही जीवाणूंजवळ बीटा-ग्लुकुरोनिडेज हे विकर असते. ते ही जोड तोडते आणि मोकळे झालेले इस्ट्रोजेन पुन्हा रक्तात शोषले जाते. इस्ट्रोजेन इन्सुलिनचा परिणाम टिकवून धरते आणि चरबी पोटापेक्षा मांड्या-नितंबांकडे वळवते. रजोनिवृत्तीनंतर हे संरक्षण ओसरते. अमेरिकेतील लॅटिनो स्त्रियांच्या २०२२ च्या पाहणीत रजोनिवृत्तीनंतरची जीवाणूसृष्टी पुरुषांच्या जीवाणूसृष्टीकडे झुकलेली आढळली आणि हे विकर बनवण्याची तिची क्षमताही घटलेली दिसली. यात कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे अशा पाहणीवरून ठरत नाही. संप्रेरके जीवाणू बदलतात आणि जीवाणूही संप्रेरके बदलतात: टाइप १ मधुमेहाकडे कल असलेल्या जातीच्या उंदरांमध्ये नराचे जीवाणू लहान माद्यांना दिल्यावर त्यांचे टेस्टोस्टेरॉन वाढले आणि पुष्कळ माद्या आजारापासून बचावल्या (२०१३).

माणसांवरील उपचारांचा पुरावा मात्र तोकडा आहे, आणि एकांगीही. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये मेटाबॉलिक सिंड्रोम (वाढलेली कंबर, साखर, रक्तदाब आणि बिघडलेले मेद यांतील काही एकत्र असणे) असलेल्यांना सडपातळ दात्यांच्या विष्ठेतील जीवाणू दिले, तेव्हा सहा आठवड्यांनी त्यांच्या शरीरात इन्सुलिनचा परिणाम सुधारला (२०१२). त्याच गटाच्या २०१७ च्या प्रयोगात अठराव्या आठवड्यापर्यंत ही सुधारणा मावळली होती. दोन्ही प्रयोगांत सहभागी झालेले सगळे पुरुष होते. पाळी, गर्भारपण, रजोनिवृत्ती यांतून जाणाऱ्या शरीराला हे निष्कर्ष जसेच्या तसे लावणे चूक आहे. आणखी एक अडचण औषधांची. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी स्वतःच जीवाणूसृष्टी बदलते. त्यामुळे जुन्या अभ्यासांत जो फरक मधुमेहाचा मानला गेला, त्यातला काही प्रत्यक्षात गोळीचा निघाला.

भारतीयांबाबत एक देशव्यापी पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. १४ ठिकाणच्या १,००४ जणांच्या नमुन्यांत प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा हे जीवाणू ठळकपणे आढळले. धान्य-कडधान्याच्या आहाराशी प्रिव्होटेलाचा मेळ असतो. हा जीवाणू चांगला की वाईट, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. स्वीडनमध्ये तीन दिवस जवाच्या दाण्यांचा पाव खाल्ल्यावर ज्यांची साखर सुधारली, त्यांच्यात प्रिव्होटेला अधिक होता (२०१५). डेन्मार्कमध्ये मधुमेह नसलेल्या लोकांत याच कुळातील एक जाती इन्सुलिन-प्रतिरोधाशी, म्हणजे इन्सुलिनचा परिणाम कमी होण्याशी, जोडलेली सापडली (२०१६). तेव्हा युरोपीय नमुन्यांवर बेतलेल्या विष्ठा-चाचण्यांत ‘चांगले’ आणि ‘वाईट’ जीवाणूंचे गुण दिलेले असतात, त्यांवरून इथल्या माणसाने आपले जेवण ठरवू नये. ज्वारी, बाजरी, नाचणी, कडधान्ये आणि भाज्यांचे प्रमाण वाढवायला अशा चाचणीची गरजही नाही. फक्त ते हळूहळू वाढवावे, कारण एकदम वाढवले तर जीवाणूंच्या आंबवण्यातून निघणाऱ्या वायूने पोट फुगते.