ग्रॅनोलात साखर आली कुठून?

घरी ग्रॅनोला, म्हणजे ओट्स, दाणे आणि बिया भाजून केलेला नाश्त्याचा कुरकुरीत पदार्थ, करायला घेणाऱ्यांची कारणं बहुधा दोनच असतात. विकतचं पाकीट महाग पडतं आणि त्यात गोड फार असतं. दोन्ही तक्रारी रास्त आहेत. हा पदार्थ जन्मला तेव्हा मात्र गोड नव्हता, आणि त्यात ओट्सही नव्हते.

१८६३ साली अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल गावी डॉ. जेम्स केलेब जॅक्सन जलोपचाराचं आरोग्यधाम चालवत होते. मांस, चरबी आणि चाळलेल्या पांढऱ्या पिठावर पोसलेली, अपचनाने त्रासलेली माणसं तिथे येत. सिल्व्हेस्टर ग्रॅहम या धर्मोपदेशकाने त्याआधी काही दशकं कोंड्यासकट दळलेल्या गव्हाचा प्रचार केला होता. त्या पिठाला तिकडे आजही त्यांचंच नाव आहे. जॅक्सन यांनी ते पीठ पाण्यात भिजवून पातळ थर भाजला, त्याचे तुकडे केले, पुन्हा भाजले आणि आणखी बारीक केले. हा ‘ग्रॅन्युला’ इतका कडक होता की रात्रभर दुधात भिजवल्याशिवाय दाताखाली धरवत नसे. साखर नाही, तेल नाही, सुकामेवा नाही. रुग्णाचा पथ्याचा घास होता तो, आणि ‘पौष्टिक’ ही ख्याती त्यानेच कमावली.

सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या एलन व्हाइट १८६४ मध्ये डॅन्सव्हिलला जाऊन आल्या. दोन वर्षांनी या पंथाने मिशिगनमधल्या बॅटल क्रीक इथे स्वतःची आरोग्यसंस्था उघडली. १८७६ पासून तिची सूत्रं डॉ. जॉन हार्वी केलॉग यांच्याकडे होती. गहू, ओट आणि मका यांच्या पिठांची बिस्किटं भाजून, त्यांचा चुरा करून त्यांनीही तो ‘ग्रॅन्युला’ म्हणूनच द्यायला सुरुवात केली. जॅक्सन यांनी हरकत घेतल्यावर एक अक्षर बदललं आणि ‘ग्रॅनोला’ झाला. पुढे कॉर्नफ्लेक्स आले आणि ग्रॅनोला मागे पडला.

आज आपण ज्याला ग्रॅनोला म्हणतो तो १९६० च्या दशकातला. लेटन जेन्ट्री नावाच्या माणसाने ओट्स, गव्हाचे अंकुर आणि तीळ यांची आपली कृती १९६४ मध्ये टेनेसीतल्या एका कंपनीला तीन हजार डॉलरना विकली. पुढे पश्चिमेकडच्या राज्यांचे हक्क परत विकत घेऊन ते त्याने दुसऱ्या कंपनीला अठरा हजारांना दिले. तीनच वर्षांत मागणी केवढी वाढली होती, ते या आकड्यांवरून कळतं. कारखान्यातलं अन्न नाकारणारी तरुण पिढी तेव्हा मोठाल्या परातींत ओट्स भाजत होती. १९६९ च्या वूडस्टॉक संगीत महोत्सवात अन्न संपत आलं तेव्हा हॉग फार्म या गटाने कागदी पेल्यांतून ग्रॅनोला वाटला. या ग्रॅनोलात मध आणि तेल होतं. गोडवा शिरला तो इथे, पण हात करणाऱ्याचा होता आणि प्रमाणही त्याच्याच हाती होतं. या पदार्थाचा सगळ्यात मोकळा, सगळ्यात छान काळ मला हाच वाटतो.

मोठ्या कंपन्यांना जाग यायला वेळ लागला नाही. १९७० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांतच ग्रॅनोलाची खोकी अमेरिकी दुकानांत लागली, आणि १९७५ मध्ये नेचर व्हॅली या ब्रँडची ग्रॅनोलाची वडी आली. खपासाठी साखर वाढली, पण ख्याती पथ्याचीच राहिली. २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने केलेल्या पाहणीत ग्रॅनोलाच्या वडीला सामान्य लोकांपैकी ७१ टक्क्यांनी पौष्टिक म्हटलं, तर आहारतज्ज्ञांपैकी फक्त २८ टक्क्यांनी. पाकिटावरची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. साखर, ग्लुकोज सिरप किंवा मध पहिल्या दोन-तीन नावांत दिसला, तर जॅक्सन यांच्या पथ्याशी त्या पाकिटाचा संबंध उरलेला नाही.

म्हणून घरच्या ग्रॅनोलाला माझा मनापासून पाठिंबा आहे. ओट्स कारखान्यात वाफवून, लाटून येतात, म्हणजे अर्धं काम झालेलंच असतं. तीन वाट्या ओट्स, वाटीभर दाणे आणि बिया, तीन मोठे चमचे तेल, तेवढाच मध किंवा पातळ केलेला गूळ आणि चिमूटभर मीठ. तेल प्रत्येक कणाला लागलं पाहिजे, कुरकुरीतपणा त्यानेच येतो. १५० अंशांवर पंचवीस-तीस मिनिटं पुरतात, मध्ये एकदा हलवायचं. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत, चिवड्याचे पोहे भाजतो तशा मंद आचेवर. मनुका भाजल्यानंतरच घालायच्या, नाहीतर त्या खड्यासारख्या होतात. पूर्ण गार होईपर्यंत हात लावला नाही तर गठ्ठे छान धरतात, पण गोड कमी घातलं की ते थोडे सुटे राहणारच.

खर्च वाढतो तो काजू-बदामांनी. त्यांच्या जागी शेंगदाणे, तीळ आणि सुक्या खोबऱ्याचे काप घातले की बरणीभर ग्रॅनोला विकतच्या पाकिटापेक्षा बराच स्वस्त पडतो, आणि घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत दोन आठवडे सहज टिकतो.