गाडी फसली तर दोर कुठे बांधायचा?
आमच्या ऑफ-रोड ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पावसाळा लागला की आमच्या वर्कशॉपमध्ये ठरावीक कामं वाढतात: तुटलेला बंपर, वाकलेला क्रॉस-मेंबर (गाडीखालची आडवी पट्टी), बोल्टसकट उपटून आलेला हुक. यातलं फारसं काही गाडी फसताना होत नाही, ती काढताना होतं. उमरेड, कुही, काटोलकडच्या एखाद्या पांदणीत चाकं रुततात, शेजारच्या शेतातले भाऊ ट्रॅक्टर घेऊन धावून येतात आणि गाडीला पहिलं जे लोखंड दिसेल त्याला दोर बांधला जातो. गाडीचं नुकसान आम्ही दुरुस्त करू. पण ताणलेल्या दोरासोबत सुटलेलं लोखंड माणसाला लागलं तर कुणाच्याच हातात काही राहत नाही. हे पत्रक डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा आणि घरून निघण्याआधी एकदा वाचा.

आपल्या गाडीला काय दिलंय?

थार, स्कॉर्पिओ, गुरखा, जिम्नी, फॉर्च्युनर या गाड्या वेगळ्या चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर बांधलेल्या आहेत. दोराची जागा म्हणजे त्या चासीवर जाड बोल्टांनी पक्का बसवलेला हुक. क्रेटा, ब्रेझा, सेल्टोससारख्या गाड्यांना वेगळी चासी नसते. त्यांच्या बंपरवर छोटं झाकण असतं, ते काढून टूलकिटमधला टो-आय (आटे असलेली लोखंडी कडी) आत फिरवून बसवायचा. बंद पडलेली गाडी रस्त्यावरून सरळ, हळू ओढून नेण्यासाठी तो दिलेला आहे. रुतलेल्या गाडीला त्याने झटका देऊ नका, तिरपं तर मुळीच ओढू नका. आणि जेव्हा वापराल तेव्हा शेवटच्या आट्यापर्यंत घट्ट फिरवा. अर्धवट बसलेला टो-आय वाकतोच.

गाडीखाली पातळ कड्या किंवा लांबट भोकं दिसतात. ती ट्रेलरवर गाडी बांधून नेण्यासाठी आहेत. दोरासाठी सर्वांत सोयीची दिसणारी जागा हीच असते, म्हणून चुकही इथेच होते. अॅक्सल, स्टिअरिंगचे रॉड, सस्पेन्शनचे आर्म यांनाही दोर बांधू नका. बंपरपुढे लावायच्या बाजारातल्या क्रॅश-गार्डचा तर प्रश्नच नाही. विनापरवाना लावलेल्या अशा गार्डवर कारवाई करा असं केंद्र सरकारने 2017 मध्येच राज्यांना कळवलं आहे.

आता टो-बॉल, म्हणजे ट्रेलर जोडण्यासाठी गाडीमागे लावायचा लोखंडी गोळा. मागून कोणी ठोकू नये म्हणून आपल्याकडे बरेच जण ट्रेलर नसतानाही तो बसवून घेतात. त्याला दोर कधीही अडकवू नका. ट्रेलरची संथ ओढ सोसण्यासाठी तो केलेला असतो. झटक्याने त्याची मान तुटते आणि ताणलेला दोर तो बॉल थेट दुसऱ्या गाडीच्या काचेवर फेकतो. ऑस्ट्रेलियात अशाने माणसं दगावली आहेत आणि तिथे रिकव्हरी (फसलेली गाडी काढायच्या) पट्ट्यांवर धोक्याचा इशारा छापणं कायद्याने सक्तीचं आहे.

आधी फावडं, मग दोर

या धंद्यात एक ढोबळ हिशेब वापरतात. चिखल रिमपर्यंत असेल तर गाडी काढायला साधारण तिच्या वजनाइतकी ओढ लागते, मडगार्डपर्यंत असेल तर दुप्पट आणि बॉडीच टेकली असेल तर तिप्पट. म्हणजे दोन टनांच्या गाडीला सहा टन. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, टायरला थापली जाते, गाडीचं पोट धरून ठेवते. म्हणून चाकांपुढची आणि पोटाखालची माती आधी काढा, हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवा आणि मग प्रयत्न करा. पुष्कळदा दोराची गरजच उरत नाही. डांबरी रस्त्यावर वेग घेण्याआधी हवा पुन्हा भरा.

तरी ओढावीच लागली तर दोर कुठला आहे ते बघा. नायलॉनची कायनेटिक पट्टी ताणली जाते, हलका झटका तिलाच चालतो. पॉलिस्टरचा टो-पट्टा, साखळी किंवा वायर-रोप ताणले जात नाहीत, त्यांनी फक्त सावकाश, सलग ओढायचं. पट्टीची तुटण्याची क्षमता दोन गाड्यांपैकी हलक्या गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दोन ते तीन पट असावी. झटका देतानाही वेग चालण्याइतकाच ठेवा, कारण वेग दुप्पट केला की झटक्यातली ऊर्जा चौपट होते. शॅकल, म्हणजे पट्टी हुकाला जोडायची पिनवाली कडी, घ्यायची तर जिच्या अंगावर 3.25 किंवा 4.75 टन असा सुरक्षित भाराचा आकडा ठोकलेला आहे तीच. दोन पट्ट्या शॅकलने जोडू नका. पट्टी तुटली की ती शॅकलच उडून येते.

पुढे दोन हुक असतील तर दोन्हींना मिळून ब्रायडल पट्टा (दोन टोकं दोन हुकांना, ओढ मधून) लावा, पण लांब घ्या. दोन बाजूंमधला कोन 60 अंश असेल तर प्रत्येक हुकावर एकूण ओढीच्या 58 टक्के भार येतो. कोन 120 अंश झाला की प्रत्येकावर पूर्ण 100 टक्के. आखूड पट्ट्याने दोन हुकांचा काहीच फायदा उरत नाही.

ट्रॅक्टरवाल्या भाऊंसाठी

मदतीला आलेल्या माणसाचा जीव आपल्या दोराला बांधलेला असतो, हे आम्हाला फार कळकळीने सांगायचं आहे. ट्रॅक्टरला दोर नेहमी मागच्या, खालच्या ड्रॉबारलाच (ओढायच्या दांड्यालाच) बांधा. वर, टॉप लिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) जागी बांधला आणि गाडी हलली नाही तर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात आणि तो चालवणाऱ्यावर मागे उलटतो. भाऊ घाईत असले तरी दोर कुठे अडकवला ते स्वतः वाकून बघा, आणि क्लच सावकाश सोडायला सांगा.

गाडी फसली की धुऱ्यावर गाव जमतं, पोरं सर्वांत पुढे. दोर 9 मीटरचा असेल तर सगळ्यांना किमान 14 मीटर लांब, तेही बाजूला उभं करा. दोराच्या रेषेत कोणी नको, ताणलेला दोर ओलांडून जाणं तर नकोच. दोराच्या मध्यावर भिजलेलं गोणपाट किंवा जाड घोंगडी टाका, म्हणजे तुटला तरी त्याचा जोर कमी होईल. इशारा एकाच माणसाने करायचा.

हुक बसवून घेताना

आम्ही चासीला नवीन भोक पाडून हुक लावत नाही, ग्राहकाने आग्रह केला तरी नाही. कंपनीने दिलेल्या जागांवर बसेल असाच हुक आणि डोक्यावर 10.9 हा ताकदीचा दर्जा लिहिलेलेच बोल्ट वापरतो. 8.8 चे बोल्ट स्वस्त पडतात, दिसतातही सारखेच, पण 10.9 ची ताकद त्यांच्यापेक्षा 25 टक्के जास्त असते.

एकदा जोरात ओढून काढलेली गाडी आम्हाला दाखवून जा. बोल्टच्या डोक्याभोवती रंगाला तडा दिसला किंवा हुकाचं भोक लांबट झालं असेल तर दोर त्याला पुन्हा लावू नका. स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल तर गाडी चालवत आणू नका, ट्रेलरवर घालून पाठवा.