अमेरिकेत थरोब्रेड शिंगराची नोंदणी: अर्ज कुठे अडकतो?

अमेरिकेत थरोब्रेडची, म्हणजे रेससाठीच्या घोड्यांच्या जातीची, वंशावळ जॉकी क्लब ठेवतं (स्थापना १८९४). तिथे नोंद नाही तर शिंगरू कितीही देखणं असो, रेसला उतरत नाही. फॉर्म सोपाय, ऑनलाइन भरता येतो, पण अडकतात लोक त्याच्या आधीच.

पहिली अट, घोडी नैसर्गिकरीत्याच लावलेली हवी. कृत्रिम रेतन चालत नाही, एम्ब्रियो ट्रान्सफर (गर्भ दुसऱ्या घोडीत वाढवणं) पण नाही, यात विनंती-अर्ज करून काही होत नाही.

दुसरं म्हणजे सर्व्हिस सर्टिफिकेट, म्हणजे घोडी कोणत्या घोड्याला लावली त्याचा दाखला, आणि सगळ्यात जास्त रडारड इथेच होते. स्टॅलियनवाल्याने (नर घोड्याच्या मालकाने) त्या सीझनला लावलेल्या घोडींची यादी १ ऑगस्टपर्यंत क्लबला द्यायची असते, त्यावरून हे सर्टिफिकेट निघतं आणि येतं ते त्याच्याकडे, तुमच्याकडे नाही. स्टड फी (घोडा लावल्याचे पैसे) थकली असेल तर तो ते दाबून ठेवतो. म्हणून करार करतानाच कागद कधी मिळणार ते लिहून घ्या हो, शिंगरू झाल्यावर फोन करत बसू नका.

जन्माची खबर क्लबला ३० दिवसांत द्या.

आता तारीख. नोंदणीला मुदत एक वर्षाची. सगळ्या थरोब्रेडचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात, म्हणून नोंदणीलाही पुढच्या वर्षीच्या डिसेंबरपर्यंत वेळ आहे असं लोक समजतात. तसं नाहीये! वर्ष मोजायचं खऱ्या जन्मतारखेपासून, एप्रिलमधलं शिंगरू असेल तर पुढच्या एप्रिलच्या आत. उशीर झाला की फी चांगलीच वाढते.

डीएनएसाठी केस मुळासकट उपटायचे, कात्रीने कापलेले उपयोगाचे नाहीत. फोटो चार, समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, आणि पाय धुवून कमी गवतात उभं करून काढा, कारण खुरापर्यंतचा पांढरा पट्टा दिसला पाहिजे. कपाळावरचे, मानेवरचे भोवरे नीट बघून लिहा. आपल्याकडे भोवरा शुभ की अशुभ ते बघतात, इथे तो ओळख म्हणून लागतो. २०१७ पासूनच्या शिंगरांना मायक्रोचिप सक्तीची आहे.

नाव स्पेस धरून १८ अक्षरांत, इंग्रजी स्पेलिंगची अक्षरं मोजा. आजीचं नाव द्यायचंय आणि आजी हयात आहे तर तिची लेखी परवानगी लागते. आधीच वापरात असलेल्या नावाशी नुसता उच्चार सारखा असला तरी नाव नाकारतात, त्यामुळे एक ए वाढवून काही साधत नाही. शिंगरू दोन वर्षांचं होईल त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीपर्यंत नाव दिलं तर त्याची वेगळी फी पडत नाही, आणि एकच नाव धरून बसू नका, दोन-चार तयार ठेवा.