फोर्ड मॉडेल के

फोर्ड मॉडेल के : अमेरिकेतील फोर्ड मोटर कंपनीने १९०६ ते १९०८ या काळात बनवलेली सहा सिलिंडरची मोटारगाडी. फोर्ड म्हटले की स्वस्त, साधी, सामान्य माणसाची गाडी डोळ्यांपुढे येते. मॉडेल के अगदी उलट होती. अडीच हजार डॉलरची, चाळीस अश्वशक्तीची, ऐपतदार गिऱ्हाइकासाठी काढलेली ही गाडी ज्या कारखान्यात तयार झाली, त्याच कारखान्यात दोन वर्षांनी मॉडेल टी ही फोर्डची गाजलेली स्वस्त गाडी जन्मली. म्हणून तिचा इतिहास बहुधा ‘फसलेला प्रयोग’ या दोन शब्दांत आटोपला जातो. हा निकाल तिच्यावर अन्याय करणारा आहे.

सहा सिलिंडर एका रांगेत बसवण्याची कल्पना तेव्हा नवी होती. नेदरलँड्समधील स्पायकर कंपनीने १९०३ मध्ये अशी एक शर्यतीची गाडी केली होती. सहा सिलिंडरच्या गाड्या नियमित विक्रीला आणण्याचा मान मात्र इंग्लंडच्या नेपिअर कंपनीकडे जातो. १९०६ च्या आसपास अमेरिकेत नॅशनल, फ्रँकलिन आणि स्टीव्हन्स-दुरिया या कंपन्याही या वाटेला लागल्या. ओढ होती ती सुरळीतपणाची. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्ट, म्हणजे दट्ट्यांच्या (पिस्टनच्या) जोराने फिरणारा मुख्य दांडा, अर्धा फेरा फिरला की एक स्फोट होतो, सहा सिलिंडरमध्ये तो दर १२० अंशांनी होतो. त्यामुळे शक्तीचा ओघ तुटत नाही. शिवाय वरखाली होणाऱ्या दट्ट्यांचे धक्के परस्परांना बऱ्याच अंशी छेद देतात, आणि गाडी गिअर न बदलता रेंगाळूही शकते, धावूही शकते.

अडचण लांबीची होती. क्रँकशाफ्ट जितका लांब, तितका तो पिळला जातो. ठराविक वेगाला ही पिळवटणारी कंपने वाढत जाऊन इंजिन खडखडू लागे आणि कधी शाफ्टच मोडे. या कंपनांचे शास्त्र तोवर नीट उलगडले नव्हते. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याचा कंपनशामक १९१० च्या सुमारास आला, तेव्हा मॉडेल के बाजारातून गेलेली होती. तिच्या पिढीतील प्रत्येक सहा-सिलिंडर गाडी हा धोका पत्करून रस्त्यावर उतरली होती.

मॉडेल केच्या इंजिनाचे आकारमान ४०५ घन इंच, म्हणजे सुमारे ६.६ लिटर होते. सिलिंडरचा व्यास साडेचार इंच आणि दट्ट्याचा पल्ला सव्वाचार इंच. ताशी पन्नास मैलांचा (सुमारे ८० किमी) वेग तिला सहज जमे. टूरिंग (प्रशस्त उघडी गाडी) आणि रोडस्टर (कमी आसनांची, हलकी उघडी गाडी) अशा दोन रूपांत ती मिळे. सुरुवातीची २,५०० डॉलर किंमत पुढे २,८०० झाली. हा आकडा मोठा वाटतो, पण इतर कंपन्यांच्या सहा-सिलिंडर गाड्यांना चार हजार आणि त्याहून अधिक डॉलर मोजावे लागत. आपल्या वर्गात ती स्वस्तच होती.

तिचा खरा कच्चा दुवा गिअरबॉक्स होता. फोर्डच्या लहान गाड्यांत चालत आलेली दोन वेगांची प्लॅनेटरी (मधल्या दातेरी चाकाभोवती छोटी चाके फिरणारी) गिअरव्यवस्थाच या थोराड इंजिनामागे जोडली होती. हलक्या गाडीला ती पुरे. चाळीस अश्वशक्तीचा जोर पेलताना मात्र ती लवकर झिजे. प्रतिस्पर्धी गाड्या तीन-चार वेगांचे सरकते गिअर देत होत्या. इंजिनावर जितका विचार झाला तितका त्यामागच्या यंत्रणेवर झाला असता, तर या गाडीविषयी आज वेगळे लिहिले गेले असते.

मॉडेल केचे नाव कंपनीतील सत्तासंघर्षाशी कायमचे जोडले गेले आहे. १९०३ मध्ये कंपनी स्थापन झाली तेव्हा हेन्री फोर्ड आणि डेट्रॉइटचे कोळशाचे व्यापारी अलेक्झांडर माल्कमसन यांचे समभाग सारखेच होते. माल्कमसन यांचा कल महागड्या, जास्त नफ्याच्या गाड्यांकडे, तर फोर्ड यांचे मन हलक्या आणि स्वस्त गाडीत. जानेवारी १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनात दोन्ही मते शेजारी शेजारी मांडली गेली. एकीकडे मॉडेल के, दुसरीकडे ५०० डॉलर किंमत जाहीर झालेली चार सिलिंडरची छोटी मॉडेल एन. त्याआधीच, १९०५ च्या अखेरीस, फोर्ड आणि कंपनीचे व्यवहार सांभाळणारे जेम्स कझेन्स यांनी सुटे भाग बनवणारी वेगळी कंपनी काढली होती. मॉडेल एनच्या सुट्या भागांवरचा नफा तिकडे वळला आणि माल्कमसन त्यातून वगळले गेले. माल्कमसन यांनीही एरोकार नावाची स्वतःची मोटार कंपनी उभारली होती, त्यामुळे संचालक मंडळात त्यांची बाजू दुबळी पडली. जुलै १९०६ मध्ये त्यांनी आपले समभाग १,७५,००० डॉलरला फोर्ड यांना विकले. त्याच महिन्यात कंपनीचे अध्यक्ष जॉन ग्रे यांचे निधन झाले आणि अध्यक्षपद फोर्ड यांच्याकडे आले.

यावरून मॉडेल के ही माल्कमसन यांनी फोर्ड यांच्या गळ्यात मारलेली गाडी, अशी कथा रूढ झाली. ती अर्धीच खरी आहे. १९०५ मध्ये फोर्ड यांनी सहा सिलिंडरची शर्यतीची गाडी करवून घेतली होती आणि ती स्वतः चालवलीही होती. माल्कमसन गेल्यावरही मॉडेल के दोन वर्षे विकली जात होती. जून १९०७ मध्ये डेट्रॉइट येथे झालेल्या चोवीस तासांच्या शर्यतीत फोर्डच्या सहा-सिलिंडर गाडीने १,१३५ मैलांची मजल मारली, म्हणजे सरासरी वेग ताशी ४७ मैलांचा पडला. मातीच्या धावपट्टीवर रात्रंदिवस टिकलेला हा वेग या इंजिनाच्या दमदारपणाचा पुरावा म्हणून पुरेसा आहे. फोर्डचा शर्यतपटू फ्रँक क्युलिक याच वर्षी एका अपघातात पाय मोडून कायमचा लंगडा झाला. त्यानंतर कंपनीने काही काळ शर्यतींकडे पाठ फिरवली.

हेन्री फोर्ड यांनी १९२२ च्या आत्मकथनात १९०६-०७ च्या विक्रीचा हिशेब दिला आहे. सर्वांत स्वस्त गाडी ६०० डॉलरची, सर्वांत महाग ७५०ची, आणि वर्षभरात ८,४२३ गाड्या खपल्या, असे ते सांगतात. किंमत उतरवली की खप वाढतो हे त्यांना ठसवायचे होते. त्या वर्षी २,८०० डॉलरची मॉडेल केही कंपनीच्या यादीत होती, पण या हिशेबात ती कुठेच नाही. इतिहास लिहिणाऱ्यांनी पुढे बराच काळ हीच मांडणी उचलली.

ऑक्टोबर १९०८ मध्ये मॉडेल टी आली. चार सिलिंडर, वीस अश्वशक्ती, टूरिंगची किंमत ८५० डॉलर. दोन्ही गाड्या डेट्रॉइटमधील ज्या पिकेट अव्हेन्यूच्या कारखान्यात तयार झाल्या, तो आज संग्रहालय म्हणून जतन केलेला आहे.

त्यानंतर सहा सिलिंडरचे फोर्ड यांना वावडेच झाले. प्रतिस्पर्धी शेव्हरोले कंपनीने १९२९ मध्ये चार सिलिंडरच्या भावात सहा सिलिंडर देऊ केले, तेव्हाही त्यांनी सहाचा मार्ग धरला नाही. १९३२ मध्ये त्यांनी थेट आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन बाजारात आणले. फोर्ड नावाच्या मोटारीत सहा सिलिंडर पुन्हा बसले ते १९४१ मध्ये, २२६ घन इंच आणि ९० अश्वशक्तीच्या इंजिनाच्या रूपाने. आकारमानाने ते मॉडेल केच्या इंजिनाच्या अर्ध्याहून थोडेच मोठे होते, शक्ती मात्र दुपटीहून अधिक होती.